जयवंत धुरींची सहा तिकिटं

जयवंत धुरींचं अर्नाळ्यात दुसरं बिऱ्हाड आहे, ही बातमी बोळिंजच्या आमच्या बिल्डिंगीत अठ्ठ्याण्णव सालच्या नोव्हेंबरात फुटली आणि दुपारी नळाला पाणी यायच्या आत चौथ्या मजल्यावर पोचली. पुरावा भक्कम होता. धुरींच्या शर्टाच्या खिशात निघालेली यष्टीची सहा तिकिटं इस्त्रीवाल्याने टाचणी लावून कपड्यांच्या गठ्ठ्यावर परत पाठवली होती. वसुंधरावहिनी घरात नव्हत्या म्हणून गठ्ठा शेजारी ठेवला गेला, आणि शेजारी म्हणजे शेवटी माणसंच. तिकिटावर गावाचं नाव नसतं, पण त्या भाड्यात बोळिंज नाक्यावरून माणूस दुसरीकडे कुठे पोचतच नाही. सहा तिकिटं, म्हणजे तीन खेपा. चष्मा दोरीने गळ्यात अडकवणारा, जिन्यात बाई दिसली की भिंतीला पाल चिकटावी तसा चिकटून वाट देणारा चोपन्न वर्षांचा माणूस, बायकोला न सांगता तीनतीनदा अर्नाळ्याला जातो. कशाला? समुद्र बघायला?

आता खरं काय ते सांगून टाकलेलं बरं. बाई होती. पण तिचं वय बासष्ट, डोक्यावर पाटी, पाटीत बोंबील, आणि आवाज असा की तळमजल्यावरून तिने हाळी दिली की गच्चीवरची मांजरं उठून बसत. धोंडूबाई मेहेर. ती एक दिवसाआड आपल्या पायांनी धुरींच्या दारात येत होती. तिला भेटायला यष्टी पकडायची गरजच नव्हती. आणि तिन्ही खेपांना धुरी तिला भेटलेही नव्हते. अर्नाळ्याला उतरायचं, स्टँडजवळ चहा प्यायचा, तिच्या आळीच्या तोंडापर्यंत जायचं, किल्ल्याकडे बघत वाळूत उभं राहायचं आणि तसंच परत यायचं. तीनदा गेले आणि तीनदा पाय मागे आले. कारण तिला जे सांगायचं होतं ते सांगायची त्यांची छाती होत नव्हती.

धुरी मूळचे मालवणकडचे, पण जन्म गेला मुंबईत. अठ्ठावीस वर्षं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर. कारखाना बंद झाला तेव्हा सगळ्यांनी घड्याळं, पेढे, शाली आणल्या. धुरींनी एक छोटं लेथ आणि टेबलावर ठेवायचं ड्रिल मशीन आणलं. ती मागच्या गॅलरीत बसवली आणि त्यांवर लाकडाची पेनं करायला लागले. चिकूची, चिंचेची, एकदा तर मोडक्या पोळपाटाचं. पेन करायचं म्हणजे बोटभर लांबीचा चौकोनी तुकडा कापायचा, त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार भोक पाडायचं, भोकात पितळेची नळी चिकटवायची आणि मग लेथवर बाहेरून गोल तासायचा. तासणं ही हौस, पॉलिश ही मजा. जीव सगळा भोकात. भोक जरा कललं की एका अंगाला लाकूड जाड राहतं, दुसऱ्या अंगाला पापडासारखं पातळ, आणि लेथवर चढवलं की फुटतं.

गणपतीनंतर धोंडूबाईने गॅलरीत डोकावून ते मशीन बघितलं होतं.

"धुरी, माज्या होडीचा पेन करशील?"

होडी तिच्या नवऱ्याची. हरेश्वर नाखवा जाऊन चार वर्षं झाली होती, होडी वाळूवर उलटी पडून कुजली होती आणि अखेर चुलीत गेली. धोंडूबाईने फक्त सुकाणूचा दांडा मागे ठेवला होता. तोही बराचसा किड्यांनी खाल्लेला. नाखव्याच्या तळहाताने जिथे धरून धरून आरशासारखा गुळगुळीत केला होता तेवढाच भाग शाबूत. त्यातून धुरींनी मोजून मापून दोन तुकडे काढले. तिसरा निघत नव्हता.

इथवर सगळं गोड होतं. पण मग धोंडूबाई मच्छीमारांच्या सोसायटीवर निवडून आली. पहिल्या सभेत हजेरीच्या वहीत सही करायची होती. आयुष्यभर तिने अंगठा लावलेला. मात्र साक्षरतेच्या वर्गात पाटीवर गिरवून गिरवून ती दोन वर्षांत नाव लिहायला शिकली होती. तिचा दीर त्याच सोसायटीत जुना. बंदरावर, मासळीचा लिलाव चालला असताना, चारचौघांत म्हणाला, "वैनी, अंगठ्याला शाई घरून लावून येशील, का तिथंच देऊ?"

धोंडूबाईने पाटी खाली ठेवली. "सई करीन. आनि तुज्या भावाच्या सुकानूच्या पेनान करीन. बगाय ये."

अख्ख्या बंदराने ऐकलं. सभा ठरली सोमवारी, सकाळी दहाला.

आणि त्या सभेच्या जेमतेम तीन आठवडे आधी, एका मंगळवारी, धुरींनी पहिला तुकडा वाईसमध्ये, म्हणजे लोखंडी पकडीत, धरला, ड्रिल खाली आणलं, दोन तृतीयांश भोक झालं असेल नसेल, आणि बारीकसा आवाज झाला. टक्. तुकडा बाहेर काढला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर. भोकही तिरकं. नाखव्याच्या तळव्याने घासलेली बाजूच उघडून आली होती.

धुरींनी तो तुकडा हळदीच्या रिकाम्या डब्यात घातला आणि डबा गॅलरीत, रंगाच्या डब्यांच्या मागे सरकवला. दुसरा तुकडा त्यांनी रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला. हात लावायची हिंमत नव्हती. धोंडूबाईची हाळी ऐकू आली की ते न्हाणीघरात शिरत आणि नळ सोडत. आमच्या बिल्डिंगीत आठवड्यात इतक्या आंघोळी कुणी केलेल्या नाहीत.

"पेन झाला काय गो?" धोंडूबाई दारात विचारी.

"होतोय, होतोय," वसुंधरावहिनी सांगत.

बातमी फुटली त्या दिवशी मात्र, सगळ्या मजल्यांवर फिरून आलेली ती सहा तिकिटं वहिनींनी जेवताना ताटाशेजारी ठेवली.

"अहो, ही तुमची."

धुरींचा घास हातातच राहिला.

"खाली म्हणतायत, तिकडे बाई ठेवलीय तुम्ही."

"कोण म्हणतं?"

"ते सोडा. ठेवलीय का?"

"नाही."

"मग तीनदा जाऊन केलंत काय?"

"चहा प्यालो."

वहिनींनी कपाळावर हात मारला. "बाई ठेवली असतीत तरी निदान ठाम माणूस म्हटलं असतं. डबा बघितलाय मी, हळदीचा. पहिल्याच दिवशी बघितला. मी तिच्या तोंडावर रोज खोटं बोलतेय, तिने दिलेला बोंबील माझ्या घशाखाली उतरत नाही. सोमवारी ती सगळ्यांसमोर उभी राहणार आहे. तिला सांगा तरी, नाहीतर पेन तरी करा."

"वाईस खोटा आहे," धुरी म्हणाले.

"काय?"

"आपला वाईस. तो चांगला मिळाला की करतो."

फिटरचं हे असं. माणूस चुकला म्हणायच्या आधी तो हत्यार तपासतो. पण त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. वाईसला दोन जबडे. एक जागेवर बसलेला, दुसरा दांडा फिरवला की पुढे सरकून वस्तू धरतो. हलका माल असला की आवळताना हा सरकता जबडा केसाएवढा वर उचलला जातो. लोखंडाचा जाड तुकडा असेल तर त्याच्यावर हातोडी मारून खाली बसवता येतं. बोटभर लाकूड मात्र जबड्याबरोबर कलतं, आणि डोळ्याला कळतही नाही.

शुक्रवारी सकाळी धुरी माणिकपूरला गॅब्रिएलच्या हार्डवेअरच्या दुकानात हजर झाले. खिशात एक चौकोनी लोखंडी तुकडा आणि ती सहा तिकिटं. यष्टीच्या तिकिटाचा कागद पातळ, आणि सगळीकडे सारखा. वरच्या दोन कोपऱ्यांना दोन, खालच्या दोन कोपऱ्यांना दोन अशी चार तिकिटं त्या लोखंडी तुकड्याला लावून जबड्यात धरायची, आवळायचं, आणि एकेक ओढून बघायचं. चारही घट्ट बसली तर वाईस खरा. खालचं सुळकन हातात आलं तर जबडा वर उचलला जातोय.

पहिला वाईस निळा, नवा कोरा. खालची दोन्ही तिकिटं सुटली. दुसरा वजनदार, बघूनच विश्वास बसावा असा. एक सुटलं. तिसऱ्याचे दोन्ही जबडे एकाच वेळी मध्याकडे सरकत; ते बघून धुरींचे डोळे चमकले. तिकिटं लावली, आवळलं, ओढलं. खालचं डावं अलगद बाहेर आलं. चौथ्याचे जबडे दातेरी, लाकडाला चावणारे. तो त्यांनी उचललाच नाही.

गॅब्रिएल गल्ल्यावर कोपर टेकून बघत होता. "धुरी, वाईस घेताय का पोरगी बघायला आलात? चालून दाखव, बसून दाखव!"

"आणखी आहेत?"

"आत दोन आहेत. पण तुमच्या तिकिटावर ते पण नापास होणार. हल्ली सगळा माल असाच येतो. ठोका आणि वापरा."

"ठोकून चालणार नाही. एकच तुकडा आहे."

ते ज्या आवाजात म्हणाले तो ऐकून गॅब्रिएलने थट्टा थांबवली. आतले दोन आणले. दोन्ही नापास. धुरी तिकिटं हातात घेऊन उभे राहिले. शुक्रवारची दुपार झाली होती.

"तसा वाईस पप्पांच्या वेळी यायचा," गॅब्रिएल म्हणाला. "सपाट बुडाचा, काळा. शेवटचा नेला त्याला वीस वर्षं झाली असतील. अर्नाळ्याचा एक नाखवा होता, होडीचं इंजिन स्वतः खोलायचा. इथंच उभा राहून तास-दीड तास बघत बसलेला, तुमच्यासारखाच. काय नाव त्याचं... हरेश्वर."

धुरींनी तिकिटं खिशात घातली. जगात हवा तसा वाईस एकच निघाला, आणि तोही त्याच घरात.

शनिवारी ते चौथ्यांदा अर्नाळ्याला गेले. या वेळी चहा घेतला नाही. घेतला असता तर पुन्हा परत आले असते. धोंडूबाई अंगणात बांबूच्या मांडवावर बोंबील लटकवत होती.

"ये रं. पेन आनलास?"

"वाईस बघायला आलो," धुरी म्हणाले. "नाखव्याचा."

तिने पडवीकडे बोट केलं. एका फळीवर, जुन्या जाळ्याखाली तो होता. काळा, सपाट बुडाचा, जबडे वापरून गुळगुळीत झालेले. धुरींनी गंज पुसला, तेल घातलं. लोखंडी तुकडा धरला, चार तिकिटं लावली, आवळलं. वरचं डावं ओढलं, हललं नाही. वरचं उजवं, नाही. खालचं डावं ओढताना त्यांनी श्वास धरला होता. नाही. खालचं उजवं ओढलं तर तिकीट फाटलं पण सुटलं नाही.

"हाच!" धुरी ओरडलेच.

धोंडूबाई मागे येऊन उभी होती. तिने फाटकं तिकीट उचललं. ती रोज त्याच यष्टीने पाटी घेऊन जायची. तो रंग तिला पाठ. धुरींनी जबडा सैल केला, तशी उरलेली तिने त्यांच्या हातातून घेऊन मोजली. "ही तर आपल्या यष्टीची. सा हायेत. तू तर आज पयल्यांदा आलास."

धुरी वाईसचा दांडा पुसायला लागले.

"कवा आलेलास?"

"तीनदा."

"आनि घरी नाय आलास?"

मग मात्र त्यांनी हळदीच्या डब्यातून खिशात घालून आणलेला फुटका तुकडा काढला आणि तिच्यापुढे धरला. तोंडाने काही सांगावं लागलं नाही. धोंडूबाईने तो घेतला आणि गुळगुळीत बाजूवरून अंगठा फिरवला. चीर लागली तिथे अंगठा थांबला.

"आवाज आला काय?"

"आला."

धुरींना वाटलं, आता शिव्या बसतील. बसल्या तर बरं.

"माज्याशी येऊन बोलाय काय झालं व्हतं? मी तुला खानार व्हती? चांगल्या घरच्या बायकोला रोज दारात खोटं बोलाय लावलंस." तिने तुकडा कमरेच्या चंचीत ठेवला. "दुसरा हाय काय?"

"एकच."

"उद्या घेऊन ये. तुजा मशीन पन आन. नाखव्याचा वाईस उंबऱ्याभायेर जानार नाय. आनि मी बगत नसताना तू तुकड्याला हात लावनार नाय."

रविवारी दुपारी धुरी नवरा-बायको गोणपाटात ड्रिल मशीन गुंडाळून, दोन बाजूंनी धरून बोळिंज नाक्याकडे निघाले, तेव्हा बिल्डिंगीच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. बातमीत लगेच सुधारणा झाली: वहिनीच सवतीला संसाराचं सामान पोचवायला निघाल्या.

पडवीत मशीन लागलं. वाईस फळीवरून सोडवून मशीनच्या टेबलावर बसवला. आळीतल्या चार बायका जमल्या होत्या, आणि अंगणात, मांडवाला हात टेकून, दीर येऊन उभा होता. पडवीतला दिवा मंद होई, पुन्हा मोठा होई. विजेचा भरवसा नव्हता.

धुरींनी काटकोनाचा गुण्या लावून तुकडा उभा धरला. गुळगुळीत बाजूला ओरखडा नको म्हणून जबडा आणि लाकूड यांच्यामध्ये दोन्हीकडून उरलेली तिकिटं घातली. दांडा फिरवला. तुकडा बसला. हलवून बघितला, हलत नव्हता. आणि मग अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने त्यांचा हात शेवटचा अर्धा पीळ द्यायला पुन्हा दांड्यावर गेला. फिटर तो अर्धा पीळ दिल्याशिवाय वाईस सोडतच नाही. लोखंडाला तो लागतोही.

त्यांच्या मनगटावर एक ओला, मासळीचा हात पडला.

"बस."

"अजून जरा..."

"बस म्हनते. होडी बांदताना दोर असा करकचून आवललास तर भरतीला काय व्हईल?"

"तुटेल."

"मंग? हललं काय लाकूड?"

"नाही."

"मंग आनकी कशाला गला दाबतोस त्याचा?"

धुरींनी दांड्याकडे बघितलं. पहिल्या तुकड्याला त्यांनी तो अर्धा पीळ दिला होता. भोक तिरकं गेलं ते जुन्या वाईसमुळे. पण लाकूड चिरलं ते कशामुळे, हे त्यांना आत्ता, या सगळ्या बायकांसमोर कळलं. माणिकपूरचे सहा वाईस नापास करून आलेला तो हात त्यांनी मागे घेतला.

ड्रिल सुरू केलं. जरा खाली, वर, भुसा झाडायचा, थांबायचं. पुन्हा जरा खाली. लाकडातून खारट, जुन्या तेलाचा वास येऊ लागला. बायकांची कुजबुज बंद झाली. दोन तृतीयांशावर धुरींचा हात थांबला. त्या जागेवर मागे आवाज आला होता. दिवा एकदम मंद झाला, मशीनचा सूर उतरला. त्यांनी ड्रिल बाहेर काढून धरलं. कुणी हललं नाही. दिवा परत चढला. वसुंधरावहिनींनी डोळे मिटून घेतले होते. धोंडूबाईने मिटले नव्हते.

ड्रिल पुन्हा उतरलं. जरा, आणि जरा. तुकड्याखाली ठेवलेल्या लाकडी फळीत टोक घुसल्याचं हाताला जाणवलं.

त्यांनी मशीन बंद केलं, दांडा सैल केला, तुकडा उजेडाकडे धरला. चीर नव्हती. दोन्ही टोकांना कॅलिपर लावला; चारही बाजूंना लाकूड सारखं. तुकडा त्यांनी तसाच धोंडूबाईला दिला. तिने तो दुर्बिणीसारखा डोळ्याला लावला आणि अंगणाकडे रोखला.

"दिसतोस रं भावजी," ती म्हणाली. "पुरा दिसतोस."

दिराने मांडवावरचा हात काढला आणि तो चालता झाला.

संध्याकाळी गॅलरीत लेथ फिरलं. सोमवारी सकाळच्या पहिल्या यष्टीने वहिनी पेन घेऊन गेल्या. धुरी गॅलरीतला भुसा झाडत घरीच राहिले. मंगळवारी तळमजल्यावरून हाळी आली तेव्हा न्हाणीघराचा नळ वाजला नाही. धुरी दार उघडून उभे होते.

"केलीस सही?"

"केली. येल लागला. सगली थांबली. दीर मना, येवडा येल? मी मनलं, 'हरेश्वर' लिवायचा हाय, तुजं नाव नाय." आणि तिने पाटीतला सगळ्यात मोठा पापलेट वहिनींच्या ताटात टाकला.

वाईस अजून उंबऱ्याबाहेर आलेला नाही. त्यामुळे भोकं पाडायची म्हणजे धुरींना अर्नाळ्याला जावं लागतं. मशीन आता तिच्या पडवीतच असतं. दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवीत तुकडे घेऊन ते नाक्यावर यष्टीची वाट बघत उभे असतात. दोन वर्षं झाली या गोष्टीला. परवा जिन्यात त्यांना एका शेजाऱ्याने, नाव कशाला हवं, डोळा मारून विचारलंच, "धुरी, आता तरी खरं सांगा हो, अर्नाळ्यात आहे तरी काय?"

या वेळी धुरी भिंतीला चिकटले नाहीत. चष्मा डोळ्यावर चढवून त्यांनी विचारणाऱ्याकडे नीट बघितलं.

"तिकडे एक बाई आहे. माझं चुकलं तर माझ्या तोंडावर सांगते. तुमच्यासारखं चौथ्या मजल्यावर जाऊन नाही सांगत."